सातच्या लाइनीत उभं राहायचंय? मग आदल्या रात्री एवढं करून ठेवा

माझी नणंद न्यू जर्सीत असते. २०२४च्या ऑक्टोबर एंडला तिचा व्हिडिओ कॉल आला, बघते तर तिच्या मागे ही भली मोठी लाइन, जॅकेटं घातलेली माणसं, कुणी कॉफी पितंय, कुणी मोबाइलात डोकं घालून उभं. म्हणाली, "वहिनी, मतदानाला आलेय, दीड तास झाला." मी म्हटलं अगं पण तुमचं इलेक्शन तर पाच नोव्हेंबरला ना? तर म्हणे तिथे आधीचे नऊ दिवस केंद्रं उघडी असतात, ज्याला जेव्हा जमेल तेव्हा जाऊन मत टाकून यायचं, आणि काउंटीतलं त्यासाठी उघडलेलं कुठलंही केंद्र चालतं. मला जरा हेवाच वाटला. पण गंमत बघा, नऊ दिवस दिले तरी लोक पहिल्याच शनिवारी एकदम उठून आले आणि लाइन लागली ती लागलीच.

आपल्याकडे इंदूरला एकच दिवस आणि आपलं ठरलेलं एकच बूथ. म्हणजे लवकर मतदान म्हणजे सकाळी सातला जाणं, दुसरं काही नाही. (घरी बसून आधी मत देता येतं अशी थोडी माणसं असतात, त्यांचं पुढे सांगते, आमच्या घरातच झालंय ते.) माझं माहेर रामबाग, सासर सुदामा नगर, लग्नाला बावीस वर्षं झाली, तेव्हापासून विधानसभा, लोकसभा, नगर निगम (म्हणजे महानगरपालिका) सगळ्या लाइनी करून झाल्यात, त्यातल्या एकदोन फुकट गेल्या तेही सांगते. माझं मत विचाराल तर लाइनीतला वेळ लाइनीत वाचत नाही, तो आदल्या रात्री घरी बसून वाचतो.

आधी लाइन का लागते ते बघू, हिशेब सोपा आहे. निवडणूक आयोगानं २०२५मध्ये ठरवलं की एका बूथवर बाराशेच्या वर मतदार नकोत, आधी पंधराशे असायचे. बाराशेतले समजा पासष्ट टक्के आले तर झाले ७८०. सात ते सहा म्हणजे अकरा तास, ६६० मिनिटं. म्हणजे माणशी पन्नास सेकंद. सगळे दिवसभर सारखे वाटून आले तर लाइनच लागणार नाही. पण आपण कुठे वाटून येतोय, सातच्या ठोक्याला शंभर जण दारात उभे असतात, मग शंभराव्याचा नंबर लागायला सव्वा तास कुठेच गेला नाही. त्यात एखाद्या आजोबांना चष्मा सापडत नाही, एखाद्याचं नाव यादीत मिळत नाही, की ती पन्नास सेकंदं पाच मिनिटांवर जातात. मागचे सगळे कुरकुरतात, आणि आपला नंबर आला की आपणही तेच करतो.

तर आदल्या रात्रीचं काम. पहिलं म्हणजे नाव शोधा. वोटर आयडी कपाटात आहे म्हणजे यादीत नाव आहे असं नसतं, हे दोन वेगळे प्रकार आहेत, आणि हे किती तरी शिकल्यासवरल्या लोकांना माहीत नसतं. आयोगाच्या वोटर पोर्टलवर कार्डाचा नंबर टाकून बघा किंवा १९५० वर फोन करा. २०२५च्या नोव्हेंबरात मध्य प्रदेशात एसआयआर, म्हणजे मतदार यादीची सखोल फेरतपासणी, सुरू झालं, बीएलओ (आपल्या बूथची यादी सांभाळणारे कर्मचारी) घरोघरी फॉर्म घेऊन फिरले, २००३च्या यादीत आईवडलांचं नाव शोधा म्हणून सगळ्यांची धावपळ झाली, तेव्हा फॉर्म भरला होता म्हणून निर्धास्त राहू नका, नाव एकदा डोळ्यांनी बघून घ्या. नसेल तर नवीन नावासाठी फॉर्म ६, पत्ता बदलायला किंवा चूक सुधारायला फॉर्म ८. अर्थात हे आदल्या रात्री होत नाही, हे कित्येक आठवडे आधी करायचं. आदल्या रात्री फक्त समजतं की उशीर झालाय.

आता आपल्या मराठी लोकांची एक खास गोची. इथली यादी हिंदीत असते. हिंदीत ळ नाही. म्हणजे काळे असतात ते काले, गोळे ते गोले, चितळे ते चितले. नावानं शोधत असाल आणि ळ टाकून "रिकॉर्ड नहीं मिला" आलं तर लगेच घाबरू नका, ल टाकून बघा. बायकांचं तर विचारूच नका. माझ्या सासूबाई माहेरच्या कुंदा, लग्नात नाव बदललं सुनंदा, आधार सुनंदा, वोटर आयडी कुंदा आणि यादीत कुंदाबाई. नशीब नवऱ्याचं नाव सगळीकडे एकच. स्पेलिंगच्या अशा बारीक चुकांसाठी मत नाकारायचं नसतं, माणूस तोच आहे एवढं पटलं की पुरे, पण तिथे टेबलाशी ते पटवण्यात वेळ जातो, म्हणून जे कागद एकमेकांशी जुळतात ते सोबत न्या आणि फॉर्म ८ भरून एकदाचं निस्तरा. सासूबाईंचं आम्ही निस्तरलं, तीन वर्षं उद्या करू म्हणत होतो.

दुसरं, पर्ची. बीएलओ आणून देतो ती मतदार पर्ची, त्यावर भाग संख्या आणि क्रम संख्या असते. हे दोन आकडे म्हणजे सगळा खेळ. भाग म्हणजे तुमचं बूथ, क्रम म्हणजे यादीतली तुमची ओळ. एका शाळेत चार-पाच बूथ असतात, प्रत्येक खोलीची लाइन वेगळी, आणि फाटकातून आत शिरलं की माणूस सवयीनं सगळ्यात मोठ्या लाइनीच्या शेवटी जाऊन उभा राहतो, का तर सगळे तिथेच उभे आहेत. कमरा नंबर ३ची लाइन व्हरांड्यापासून झेंड्याच्या खांबापर्यंत गेलेली असते आणि कमरा नंबर ५मध्ये चार माणसं असतात, हे मी स्वतः पाहिलंय. म्हणून आधी दारावर चिकटवलेला भाग क्रमांक वाचा, मग उभे राहा. वाचायला माणसांमधून जावं लागतं, लोक ओरडतात "लाइन से आओ", ओरडू द्या, "नंबर देखने दो भिया" म्हणायचं आणि जायचं. पर्ची आली नसेल तर पोर्टलवरून हे दोन आकडे कागदावर लिहून घ्या. फोनमध्ये नाही, कागदावर. का ते सांगतेच.

माझी फुकट गेलेली लाइन जुलै २०२२ची, नगर निगमची निवडणूक. पाऊस भुरभुर चालू. मी आपली नेहमीच्या शाळेत, जिथे विधानसभेला गेले, लोकसभेला गेले, तिथेच साडेसातला जाऊन उभी. छत्री एकीच्या डोक्याला लागतेय, दुसरीचं पाणी माझ्या पाठीवर, अशी पाऊण तास. टेबलाशी पोचले तर त्या मास्तरांनी यादी वर केली, खाली केली, बोट फिरवलं, म्हणाले, "मैडम, आपका यहाँ नहीं है." वॉर्डाप्रमाणे बूथ बदललं होतं, माझं दोन गल्ल्या पलीकडच्या शाळेत गेलं होतं, आणि तिथे परत नवीन लाइन! चूक कुणाची म्हणाल तर पर्ची माझ्याकडे आली नव्हती हे खरं, पण मी शोधलंही नव्हतं हेही तितकंच खरं. तर लक्षात ठेवा, नगर निगमची निवडणूक राज्याचा आयोग घेतो, यादी वॉर्डाची असते, बूथ वेगळं असू शकतं, वेळही वेगळी असू शकते. मत पण दोन द्यायची असतात, एक महापौराचं आणि एक पार्षदाचं, म्हणजे नगरसेवकाचं, काही जण एक बटण दाबून निघतात आणि मागून हाका मारून त्यांना परत बोलवावं लागतं, तोपर्यंत लाइन ठप्प.

ओळखपत्र. पर्ची म्हणजे ओळखपत्र नाही, २०१९पासून नुसत्या पर्चीवर मत देता येत नाही. वोटर आयडी सगळ्यात बरं, ते नसेल तर आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट, फोटोवालं बँक किंवा पोस्टाचं पासबुक, पेन्शनचा फोटोवाला कागद, सरकारी नोकरीचं आयकार्ड, असं काहीही चालतं. ओरिजनल न्या. झेरॉक्सवर वाद घालणारा एक काका प्रत्येक लाइनीत असतोच, तो तुम्ही होऊ नका.

आता घरी मतदानाचं. नोव्हेंबर २०२३ला विधानसभा होती, तेव्हा माझे सासरे ब्याऐंशीचे. तेव्हा नियम ऐंशीच्या वरच्यांना घरून मत देता येईल असा होता. बीएलओ फॉर्म १२ डी घेऊन आला, आम्ही भरला, मग ठरल्या दिवशी टीम घरी आली, दोन कर्मचारी, एक पोलिस, एक व्हिडिओवाला. हॉलमध्ये पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला, बाबांनी त्याच्या मागे बसून मतपत्रिकेवर खूण केली, कागद लिफाफ्यात, लिफाफा मोठ्या लिफाफ्यात. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, सकाळपासून. टीमला चहा विचारला, त्यांनी नाही म्हटलं, सासूबाईंना ते फार लागलं. असो. मग मार्च २०२४मध्ये नियम बदलला, वय ऐंशीचं पंच्याऐंशी झालं, आणि मेमध्ये लोकसभेला बाबा परत बूथवर! घरी मत देऊन झालेला माणूस सहा महिन्यांनी लाइनीत, "मी काय उलटा तरुण होतोय का" म्हणाले. तर तुमच्या घरी पंच्याऐंशीच्या वरचं कुणी असेल, किंवा चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं सर्टिफिकेट असेल, तर निवडणुकीची अधिसूचना निघाली की पाच दिवसांत तो १२ डी भरून द्यावा लागतो, बीएलओची वाट बघत बसू नका, त्याचा नंबर आधीच घेऊन ठेवा. आणि एकदा घरून मत द्यायचं मंजूर झालं की मग त्या दिवशी बूथवर जाऊन मत देता येत नाही, यादीत तुमच्या नावापुढे तसं लिहिलेलं असतं. बूथवरच जाणाऱ्या अपंग मतदारांना आयोगाच्या सक्षम अ‍ॅपवर व्हीलचेअर सांगता येते. आम्ही बाबांना स्कूटरवरच नेलं.

बूथवर म्हातारी माणसं, अपंग, कडेवर बाळ असलेली बाई, यांना लाइनीत उभं करायचं नसतं, थेट आत सोडतात. पण तुम्हाला ते सांगावं लागतं. दारावरच्या होमगार्डला नुसतं "बुजुर्ग हैं" म्हटलं की तो रस्ता करून देतो. बाबा मात्र मागे फिरून लाइनीतच उभे राहायला निघाले होते, मला उगाच पुढे घुसल्यासारखं वाटतं म्हणे. त्यांना दंडाला धरून आत नेलं. बाकी त्यांचा हात धरून तुम्ही पण आत घुसाल तर नाही चालत हं, तुमची लाइन तुम्हाला, बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी.

किती वाजता जायचं? सगळे म्हणतात सातला. माझा अनुभव, सात ते साडेनऊ मॉर्निंग वॉकवाले आणि ऑफिसवाले, तेव्हा सगळ्यात जास्त गर्दी. सातला पोचायचं असेल तर खरं साडेसहाला पोचा नाहीतर अकरानंतर जा, मधलं काही कामाचं नाही. आणि सातला मशीन सुरू होईलच याची खात्री नसते, नव्वद मिनिटं आधी उमेदवारांच्या एजंटांसमोर मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, होतो, निदान पन्नास मतं टाकून मोजून दाखवतात, मग ती पुसून, सील करून मशीन लावतात, त्यात कुठे काही अडलं की पहिली लाइन तशीच थांबते. दुपारी एक ते तीन बूथ रिकामं असतं, जेवणाची सुट्टी वगैरे नसते, मतदान चालूच असतं. नोव्हेंबरात दुपार मस्त. पण लोकसभेला, आमचं २०२४चं १३ मेला होतं, त्या उन्हात दुपारी जायचं म्हणजे डोक्यावर ओला पंचा पाहिजे. मेमध्ये सकाळच, डोळे झाकून. पगारी सुट्टी असते त्या दिवशी, कायद्यानंच, दुकानात किंवा रोजंदारीवर काम करणाऱ्यांनाही, तेव्हा "मालक सोडत नाही" म्हणणाऱ्या ओळखीच्या पोराला हे जरूर सांगा.

सोबत काय न्यायचं: पाण्याची बाटली, टोपी किंवा ओढणी, ओळखपत्र, पर्ची, आणि बाबांसाठी आम्ही प्लास्टिकचं एक स्टूल नेलं होतं, त्यावर शेवटी तीन वेगवेगळ्या आज्या बसल्या. पाणी स्वतःचं न्या, मटका असतो तिथे पण पेला एकच. (नणंद सांगत होती, तिकडे जॉर्जिया राज्यात २०२१च्या कायद्यानं केंद्राच्या दीडशे फुटांच्या आत लाइनीतल्या लोकांना पाणी वाटणं सुद्धा बंद केलंय. आपल्याकडे एवढं नाही, शेजारीण अख्खी थर्मास घेऊन येते.) पक्षाचा गमछा, बिल्ला, टोपी घालून जाऊ नका, बाहेरूनच परत पाठवतात. बाहेर पक्षवाल्यांची टेबलं असतात, ते यादीत बघून नंबर सांगतात, मदत होते, पण त्यांनी दिलेल्या चिठ्ठीवर उमेदवाराचं नाव-चिन्ह असेल तर ती घेऊन आत नका जाऊ.

आणि फोन. हे मुद्दाम वेगळं सांगते कारण यात सगळ्यात जास्त लोक अडकतात. आत फोन नेता येत नाही. २०२५पासून आयोगानं बूथच्या बाहेर फोन जमा करायची सोय करायला सांगितलंय, ती असेल तर फोन बंद करून तिथे द्यायचा. पण तिथे पण लाइन, देताना एक, घेताना एक. आम्ही सोपं करतो, फोन घरी, किंवा दोघं गेलो तर एक बाहेर फोन धरून उभा आणि मग अदलाबदल. म्हणून म्हटलं आकडे कागदावर लिहा.

आत गेल्यावरचं काम पटकन सांगते. पहिला अधिकारी यादीत नाव बघतो आणि मोठ्यानं वाचतो, एजंटांनी ऐकावं म्हणून. दुसरा डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावतो, रजिस्टरवर सही घेतो, चिठ्ठी देतो. तिसरा चिठ्ठी घेऊन मशीन चालू करतो. ती शाई म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात बनते, १९६२पासून. बोटाला तेल किंवा क्रीम लावून गेलात तर पुसायला लावतात, तेवढीच पंधरा सेकंदं मागच्यांची. बटण दाबलं की शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या (मत कुणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या मशीनच्या) काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते, लांब बीप वाजतो, मग निघा. कुणीच पसंत नसेल तर सगळ्यात खाली नोटा, म्हणजे 'यापैकी कुणीही नाही'चं बटण. इंदूरला हे सांगायची गरज नाही म्हणा, २०२४ला काँग्रेसच्या उमेदवारानं ऐनवेळी अर्ज मागे घेतला आणि इथे नोटाला २ लाख १८ हजार ६७४ मतं पडली, देशात कुठे पडली नव्हती एवढी. त्या दिवशी आमच्या लाइनीत दुसरा विषयच नव्हता. एक आजी मात्र सारखं "ताई असत्या तर" म्हणत होत्या. आठ वेळा सुमित्राताई महाजनांना लोकसभेवर निवडून दिलेल्या शहरात ते साहजिकच.

काही बिनसलं तर. तुमचं नाव गैरहजर, स्थलांतरित, मृत अशा वेगळ्या यादीत टाकलेलं निघालं तर गुपचूप घरी येऊ नका. तिथे ओळखपत्र दाखवून, सही-अंगठा देऊन मत देता येतं, फक्त तपासणी जरा जास्त. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर पीठासीन अधिकाऱ्याला (बूथच्या मुख्य अधिकाऱ्याला) "टेंडर वोट" हे दोन शब्द सांगा. ओळख पटली तर मशीनवर नाही पण कागदाच्या मतपत्रिकेवर मत देता येतं, ती वेगळ्या लिफाफ्यात जाते. मुख्य यादीत नावच नसेल तर मात्र कार्ड असलं तरी काही होत नाही, भांडून लाइन अडवू नका, दुसऱ्या दिवशी फॉर्म ६ भरा.

आणि संध्याकाळी उशीर झाला तर जायचं सोडू नका. सहाला दार बंद होतं, पण सहा वाजता जे लाइनीत उभे आहेत त्या सगळ्यांना मत देता येतं. अधिकारी चिठ्ठ्या वाटतात, आणि त्या शेवटच्या माणसापासून पुढे वाटत येतात, म्हणजे मागून कुणी नवीन घुसत नाही. माझ्या भावाचा एकदा असा सातला नंबर लागला, पण लागला.

लोकसभेच्या दिवशी छप्पन दुकानवर, म्हणजे इंदूरच्या खाऊगल्लीत, शाईचं बोट दाखवा नि सात ते नऊ पोहे-जिलबी फुकट अशी ऑफर होती. बाबा त्यासाठी पहाटे पाचपासून तयार होते. बूथवरून सुटलो साडेआठला, पण तिकडे पार्किंग मिळेपर्यंत नऊ वीस झाले. बाबांनी तरी बोट पुढे केलंच. मुलगा हसला, म्हणाला "दादाजी, टाइम हो गया." मग पैसे देऊन दोन प्लेट खाल्ले, वर जिरावन मसाला जास्त टाकून घेतलं.